न बोललेला नवस

बसमध्ये चढताना पुढच्या सीटवरच्या बाईंची नजर आधी हणमंतरावांच्या पायांवर गेली आणि मग तोंडावर. हल्ली सगळ्यांचं असंच व्हायचं. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा, विद्यानगरचा डांबरी रस्ता तापायला लागलेला, आणि हा बहात्तर वर्षांचा माणूस इस्त्रीचा पांढरा सदरा, करडी पँट, हातात कापडी पिशवी अशा टापटिपीत अनवाणी उभा. बाई लगबगीनं उठल्या.

"स्वामी, इक्कड कूर्चोंडि," म्हणत त्यांनी आपली जागा दिली.

हणमंतराव बसले. सुरुवातीला ते नको नको म्हणायचे, आता म्हणत नसत. कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत या शहरात काळे कपडे घातलेले, अय्यप्पाची माळ धारण केलेले हजारो लोक अनवाणी फिरतात. बँकेतला साहेब अनवाणी, रिक्षावाला अनवाणी, आणि सगळे एकमेकांना 'स्वामी'. त्या दिवसांत पायात चप्पल नसलेल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण संक्रांत होऊन तीन महिने झाले होते. हणमंतरावांच्या अंगावर काळं कधीच नव्हतं आणि गळ्यात माळही नव्हती. कंडक्टरला काही ते जुळेना.

"चाचा, अभी कौनसी दीक्षा चलरी? सीझन तो कबका खतम हो गया."

"अपनी अपनी रहती, बेटा."

हे उत्तर त्यांना चांगलं साधलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. विचारणारा पुढं विचारत नसे, उलट जरा आदरानं बाजूला सरकत असे. कंडक्टरही सरकला.

खरी गोष्ट अशी, की हणमंतरावांचं डोकं काम देईनासं झालं होतं. निदान त्यांची स्वतःची तशी खात्री होती. गेल्या नोव्हेंबरात अफझलगंजच्या लायब्ररीत पेपर वाचून ते बाहेर पडले, फाटकापाशी आले आणि बघतात तर उजव्या पायात चप्पल नाही. कुठं राहिली, केव्हा राहिली, काही आठवेना. मागं गेले तर जिन्याच्या मधल्या पायरीवर ती एकटी पडलेली. आठ दिवसांनी दुसरी एक बसमध्ये गेली. मग त्यांनी कॅनव्हासचे बूट काढले, नाड्या घट्ट बांधल्या, दिवसभर हिंडले आणि संध्याकाळी बूट उतरवला तर आत पेनाचं टोपण. आपणच ठेवलं असणार. पण केव्हा? आणि बुटात कशाला? त्यांचे थोरले भाऊ एकनाथराव असेच सुरू झाले होते. आधी चष्मा, मग शर्टाची बटणं, मग घराचा पत्ता. शेवटची दोन वर्षं त्यांच्या खोलीला बाहेरून कडी असायची, आणि ती कडी कितीदा तरी हणमंतरावांनी स्वतःच्या हातानं लावलेली होती. टोपण हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी ठरवून टाकलं की पायात काही घालायचंच नाही. जे घातलं नाही ते विसरणार कसं?

भूमापन खात्यात छत्तीस वर्षं शिवारं तुडवलेल्या माणसाचा हा इलाज. कुणाला सांगायचा तर आधी आजार सांगावा लागला असता, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलाच नाही. लोकांनी परस्पर नवस ठरवून टाकला.

आणि त्याच आठवड्यात त्रिवेणीला दिवस गेल्याचं कळलं. त्रिवेणी त्यांची धाकटी. लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोनदा राहून गळालेलं. दोन वर्षांपूर्वी तिनं आणि संदेशनं मूल दत्तक घ्यायचं काढलं, तेव्हा हणमंतराव भर पंगतीत बोलून गेले, "कुणाचं रक्त घरात आणायलात?" ती ताटावरून उठली ती विद्यानगरच्या घरात परत आलीच नाही. दिवाळी नाही, आईचं वर्षश्राद्ध नाही. मग नोव्हेंबरात तारामती आत्यानं तिला फोन करून सांगितलं, "बापानं तुझ्यासाठी चपला सोडल्यात गं," आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, ती फुलं घेऊन दारात उभी. वाकली, पायांवर डोकं ठेवलं आणि हमसाहमशी रडली. त्यानंतर तिचा एक गुरुवार चुकला नव्हता. हणमंतराव पहिल्याच गुरुवारी सांगणार होते. मग दुसऱ्या. असं करता करता सातवा महिना लागला, आणि आज डोहाळजेवण होतं.

दिलसुखनगरला ते उतरताना त्या बाईंनी त्यांच्या पायांना हात लावला. हणमंतराव ओशाळले आणि भराभर चालायला लागले.

*

हणमंतरावांच्या मुलाच्या, प्रशांतच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून एकच कल्ला होता. हॉलमधला टीपॉय बेडरूममध्ये, बेडरूममधली इस्त्री स्वयंपाकघरात, आणि हॉलच्या मधोमध लाकडी झोपाळा, कारण त्रिवेणीला फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर बसवायचं माधवीनं ठरवलं होतं. सुतार चौकट ठोकून नऊलाच निघून गेला होता. माधवी भुसा झाडत होती आणि मनातल्या मनात भांडत होती. भांडण सासऱ्यांशी होतं, पण ते अजून पोचले नव्हते, म्हणून तिनं नवऱ्याला धरलं.

"आज सांगायचं म्हणजे सांगायचं. तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"सांगू की," प्रशांत स्वयंपाकघरातून म्हणाला. "पण जरा वेळ बघून."

"काल बेचाळीस डिग्री होतं. माणूस रस्त्यानं अनवाणी येतोय आणि आपण वेळ बघायची! सँडल आणून ठेवलेत मी. मऊ आहेत, पट्ट्याचे."

"बरोबर आहे तुझं. शंभर टक्के."

प्रशांत एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवायचा आणि घरात दोन्ही बाजूंची बेरीज करत राहायचा. स्वयंपाकघरात तो बायकोच्या बाजूचा असे, हॉलमध्ये आला की बहिणीच्या, आणि बापासमोर कुणाच्याच नाही.

खुर्चीत बसून मोगऱ्याचे गजरे करणाऱ्या तारामती आत्यानं मान वर केली. हणमंतरावांची ही थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तरची. घरातले कायदे तीच करायची आणि मोडायचा अधिकारही तिनं स्वतःकडेच ठेवला होता.

"माधवी, नवस विचारायचा नसतो. विचारला की बाटतो."

"आत्याबाई, मी विचारत नाहीये. सँडल द्यायलेय."

"एकच झालं ते."

"आणि त्यांना काही झालं तर? त्यांना शुगर आहे, वय आहे..."

"देवासाठी चालणाऱ्याचे पाय देव राखतो. आमच्या सासऱ्यांनी बारा वर्षं..."

"कुणाचे पाय?" दारातून त्रिवेणी म्हणाली. हिरवी साडी, हातात ओले केस पुसायचा पंचा, आणि चेहरा एकदम उतरलेला. "दादा, तू पण? वहिनीचं मी समजू शकते. पण तू सुद्धा नानांना नवस मोडायला सांगणार?"

"तसं नाही गं," प्रशांत म्हणाला. तो आता हॉलमध्ये होता. "आपलं असंच बोलायलो होतो."

"असंच? तीन महिने राहिलेत दादा. फक्त तीन. मागच्या दोन्ही खेपेला सहाव्याच्या पुढं गेलं नाही, हे माहीतंय ना तुला? या वेळी गेलंय. का गेलंय?"

माधवीच्या तोंडावर आलं होतं, की या वेळी डॉक्टर बदललीस म्हणून गेलं. पण पोटावर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईला असं काही बोलायचं नसतं. तिनं झाडू उचलला आणि भुशावर राग काढला.

*

त्रिवेणी परत खोलीत जाऊन बसली. ती बँकेत अधिकारी होती. नवसाबिवसावर तिचा कधी विश्वास नव्हता, हीच तर पंचाईत होती. विश्वास असता तर ती निर्धास्त राहिली असती. आता ती रोज सकाळी उठून आधी पोटाला हात लावायची आणि मग मनात नानांचे पाय आठवायची, आणि दोन्हींचा संबंध काय हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. शिकलेल्या बाईनं असं वागू नये, असं तिला वाटायचं. वागल्याशिवाय राहवतही नव्हतं. बापावरचा तो दोन वर्षांचा राग तरी कुठं गेला होता? तो आतच होता, पण ज्याच्यावर धरायचा तो माणूस उन्हात अनवाणी फिरत होता, मग राग धरायचा कसा?

बाहेर बेल वाजली. आत्याचा आवाज, भाचीचा आवाज. मग नानांचा. ती उठून हॉलमध्ये आली. हणमंतराव झोपाळ्याभोवती फिरत चौकटीचा ओळंबा डोळ्यांनी तपासत होते. "डावा खांब अर्धा इंच खाली आहे प्रशांत, सुताराला पैसे दिलास का?" म्हणत ते मागून वळसा घालून आले आणि त्रिवेणीला बघून थांबले.

ती वाकायला लागली.

"नको नको, अवघडलीयेस तू," ते मागं सरले. "पिशवीत उंबराच्या फांद्या... नाही, उंबराच्या नाही, काय आणलं मी? हां. कैऱ्या. तुला हव्या होत्या ना?"

"वाकू दे नाना. आज तरी."

सुटलेल्या शरीरानं ती कशीबशी वाकली आणि बोटं त्यांच्या पायांना लावून डोळ्यांना लावली. पायांवर धूळ होती, नखं वाढलेली होती. नमस्कार करणाऱ्याला पायाची वरची बाजूच दिसते. पाच महिन्यांत तिनं वीस-बावीस वेळा त्या पायांवर डोकं ठेवलं होतं आणि तळवा एकदाही बघितला नव्हता. घरात कुणीच बघितला नव्हता.

"मामंजी," माधवीनं शेवटी हातातलं खोकं पुढं केलं. "रागावू नका. घरातल्या घरात तरी घाला. फरशीवर भुसा आहे, काय काय पडलंय."

हणमंतरावांनी खोक्याकडे बघितलं, त्रिवेणीकडे बघितलं. त्रिवेणीचे डोळे मोठे झाले होते.

"राहू दे माधवी," ते म्हणाले.

"किती दिवस राहू दे?"

"राहू दे म्हणलं ना."

"नवस आहे तर सांगा तरी काय आहे! किती दिवसांचा, कुठल्या देवाचा. की तेही नाही सांगायचं? मी पण या घरातलीच आहे ना?" माधवीचा आवाज फाटला. तिचं तिलाच नवल वाटलं. ती फक्त सँडल द्यायला आली होती.

आत्या गजरा खाली ठेवून म्हणाली, "हणमंता, पोरगी चुकीचं बोलत नाहीये म्हणा. दिवसांची गणती तरी असतेच नवसाला." आणि हे बोलून तिनं स्वतःच सकाळी केलेला कायदा मोडून टाकला. त्रिवेणी आत्याकडे बघतच राहिली. सकाळपर्यंत आत्या तिच्या बाजूची होती.

"येतोच मी," म्हणत हणमंतराव गॅलरीकडे निघाले. त्यांना कुठंतरी जायचं होतं. त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर फरशीवर टिक् आवाज येत होता. माधवीला वाटलं झोपाळ्याची कडी हलतेय.

*

ठिपके आधी माधवीलाच दिसले. झोपाळ्याच्या मागून सुरू झालेले, लहान लहान, हातभर अंतरावर एक, थेट गॅलरीच्या दारापर्यंत.

"अमृता! कुंकवाचा करंडा सांडलास का गं? आत्ता पुसली होती फरशी!"

अमृता तिची मुलगी. वरंगलला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि काल संध्याकाळी हॉस्टेलवरून आली होती. ती कानातली वायर काढत बाहेर आली. "मी टच पण नाही केलं करंड्याला."

"मग हे काय आहे?"

"अळता असेल," आत्या म्हणाली. "सुताराच्या पायाला लागला असेल."

"सुतार अळता लावतो?" प्रशांतनं विचारलं.

अमृता खाली बसली, एका ठिपक्याला बोट लावलं, वास घेतला. मग उठून ठिपक्यांच्या मागोमाग गॅलरीत गेली. तिथं हणमंतराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. मांडी घालायला त्यांनी पाय उचलला होता.

"आजोबा, थांबा. वेट. पाय असाच धरा."

"का गं?"

"मम्मी, इकडे ये. हे कुंकू नाहीये."

उजव्या तळव्याच्या मधोमध खिळ्याचं डोकं होतं. गोल, चकचकीत, नवं कोरं. बाकीचा खिळा आत होता. आजूबाजूला तळवा कुठं काळा पडलेला, कुठं सोललेला, अंगठ्याखाली एक फोड फुटून तिला खड्डा पडलेला, आणि त्यात बारीक खडी रुतून बसलेली. सगळे दाराशी गोळा झाले. हणमंतराव प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं? काय आहे?"

"नाना, खिळा घुसलाय तुमच्या पायात," प्रशांत म्हणाला. त्याला दरदरून घाम आला होता.

"कुठल्या?"

या एका शब्दानं माधवीच्या अंगावर काटा आला.

"काढू का?" प्रशांत पुढं झाला.

"नको पप्पा. नक्को! हॉस्पिटलमध्ये काढतील. कापूस आण आधी." अमृतानं खिशातलं पेन काढलं. "आजोबा, डोळे मिटा. मी पायाला पेन लावते. लागलं की 'हं' म्हणा. ओके?"

हणमंतरावांनी डोळे मिटले. शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसले. अमृतानं पेनाचं टोक टाचेला लावलं. अंगठ्याला लावलं. करंगळीशी दाबलं. मग दुसरा पाय घेतला आणि तिथंही तीन ठिकाणी दाबलं.

"लाव की," हणमंतराव म्हणाले. "कधी लावणार?"

आत्यानं तोंडाला पदर लावला.

"नसा गेल्यात," अमृता म्हणाली. "न्यूरोपॅथी. शुगरनी होतं हे. किती वर्षं आहे शुगर, अठरा ना? आजोबा, चप्पल पायातून निघून जायची का तुमच्या? तुम्हाला न कळता?"

हणमंतरावांनी डोळे उघडले. "तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांचं होतं तसं. आमच्या ओपीडीत रोज येतात. चप्पल सुटली तरी फील होत नाही. बुटात खडा असला तरी..."

"टोपण," हणमंतराव म्हणाले. "पेनाचं टोपण होतं. दिवसभर."

"तेच सांगतेय."

"म्हणजे मी ते विसरलो नव्हतो?"

"काय विसरलो नव्हतात?"

"थांब. नीट सांग. हे डोक्याचं नाही? एकनाथदादासारखं नाही?"

"डोक्याचा काही संबंधच नाही. पायांचं आहे हे."

हणमंतराव हसायला लागले. आधी हळू, मग खुर्ची हलेपर्यंत. पायात खिळा, फरशीवर रक्त, आणि हा माणूस हसतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतोय. प्रशांतला वाटलं, चढला ताप डोक्यात. माधवी "मामंजी, पाणी आणू?" म्हणत होती आणि आत्या देवाचं नाव घेत होती. त्यांना कुणालाच कळेना की पाच महिने खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागायची वाट बघणाऱ्या माणसाला आत्ता काय मिळालंय.

फक्त त्रिवेणी हलली नव्हती.

"मग आता?" ती म्हणाली. "आता काय करायचं?"

"आता लगेच निघायचं," अमृता म्हणाली. "पस झाला असला तर पाय जाऊ शकतो, त्रिवेणी आत्या. ड्रेसिंग, आणि यापुढे एक पाऊलही बेअरफूट नाही. घरात पण नाही."

"पण तीन महिने..." त्रिवेणीनं खाली बघितलं. बोलताना तिचीच तिला लाज वाटत होती. "मला कळतंय मी काय बोलतेय. पाय महत्त्वाचा आहे. मी काही वेडी नाही. पण मध्येच सोडलं आणि काही झालं तर मी काय करू? मला सांगा कुणीतरी, मी काय करू?"

आत्यानं घसा खाकरला. कायदा पुन्हा तिच्या हातात आला होता.

"नवस अर्धा सोडता येत नाही. पण बापाचा नवस पोरगा पुढं चालवू शकतो. चालतं तसं. आमच्या सासऱ्यांचे गुरुवार थोरल्या भावजींनी फेडले होते."

सगळ्यांनी प्रशांतकडे बघितलं.

प्रशांत गाडीची किल्ली घेऊन दाराकडे निघालाच होता. चपलांच्या स्टँडपाशी तो वाकला. एक चप्पल हातात घेतली आणि थांबला. मग वळून त्यानं बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाला न विचारता एक बाजू घेतली असावी. त्यानं चप्पल परत ठेवली आणि अनवाणीच जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.

"अहो!" माधवी धावली. "तुम्हालाही शुगर आहे! दीड वर्ष झालं! उन्हात, बाईकवर, कोचिंगला, कसं करणार तुम्ही?"

"करतात की लोक. नव्वद दिवसांचा प्रश्न आहे."

"दादा," त्रिवेणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतकी सुटका दाटून आली होती, की माधवीला तिचा राग आला आणि रडूही आलं.

हणमंतराव खुर्चीतून हे बघत होते. दारात प्रशांतचा उजवा पाय दिसत होता. आपल्यासारखाच रुंद पंजा, वाकडी करंगळी, टाचेला आत्ताच बारीक भेगा. त्यांचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"प्रशांत. चपला घाल."

"नाना, तुम्ही परेशान होऊ नका. मी..."

"घाल म्हणतोय ना!" असा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत काढला नव्हता. "नवस नाहीये. नव्हताच. कुणी बोललाच नाही तर फेडणार काय तू?"

प्रशांत पायरीवर उभा राहिला.

"माझी चप्पल सुटायची, मला कळायचं नाही. मला वाटलं डोकं गेलं. एकनाथदादासारखं कोंडाल मला, म्हणून घालायचीच बंद केली. बाकी तुम्ही लोकांनी ठरवलं. मी नुसता गप्प बसलो. एवढंच आहे." त्यांनी श्वास घेतला. "त्रिवेणी, बाळाचा आणि माझ्या पायांचा काही संबंध नाही. तू घाबरू नको."

"मग बाळ कुणामुळं?" त्रिवेणीच्या तोंडून निघून गेलं.

"आता हे पण आम्हीच सांगायचं का?" आत्या म्हणाली. "नवऱ्याला विचार की तुझ्या."

अमृता फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण त्रिवेणी हसत नव्हती.

"तुम्ही खोटं बोलताय नाना. मी घाबरू नये म्हणून आत्ता खोटं बोलताय."

"आत्ता नाही. आत्तापर्यंत बोलत होतो."

"दर गुरुवारी मी पाया पडले. दर गुरुवारी! रिक्षानं, उलट्या होत असताना यायची मी. एकदा तरी सांगायचं होतं ना. पहिल्या दिवशी दारात रडले तेव्हा सांगायचं होतं. का नाही सांगितलंत?"

हणमंतरावांना सांगण्यासारखी पुष्कळ कारणं होती. बसमधून येताना त्यांनी ती घोकलीही होती. पण आता त्यातलं एकही आठवेना, आणि हे न आठवणं मात्र पायांमुळं नव्हतं.

"तू यायला लागली होतीस," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर आली नसतीस."

खाली रस्त्यावर बस हॉर्न देत होती. माधवीनं सँडलचं खोकं उगीचच उघडलं आणि बंद केलं. प्रशांतनं गुपचूप चपला घातल्या आणि गाडी काढायला जिना उतरून गेला.

"दोन वर्षं," त्रिवेणी म्हणाली. "तुम्हाला फोन करता येत होता नाना. नुसतं 'चुकलं माझं' म्हणायचं होतं. तुम्ही पाय जाळून घेतलेत, पण तेवढं नाही म्हणालात."

"हो."

"अजूनही नाही म्हणालात."

"चुकलं माझं," हणमंतराव म्हणाले. "तेव्हा जे बोललो ते फार वाईट बोललो. चुकलं, बाळ."

खुर्चीचा हात धरून ती हळूहळू खाली बसायला लागली. माधवीनं पुढं होऊन तिला आधार दिला, "अगं ताई, खाली कुठं बसतेस," म्हणाली, पण ती बसलीच. हिरव्या साडीच्या निऱ्या फरशीवरच्या रक्तात गेल्या. हणमंतरावांना वाटलं, ही आता परत पाया पडते की काय. ते पाय मागं घ्यायला लागले, तर तिनं डावा पाय घोट्याशी धरून ठेवला. मग हात तळव्याखाली सरकवला.

"कळतंय?"

हणमंतरावांना तिचा हात दिसत होता. बोटं, बांगड्या, सकाळीच काढलेली मेंदी, सगळं दिसत होतं. हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. पाच महिने ते असंच हो म्हणत आले होते.

"नाही."

तिनं हात घोट्यावर आणला. "इथं?"

"नाही गं."

पोटरीच्या खालच्या बाजूला. "इथं?"

"नाही."

प्रत्येक 'नाही'ला तिचा चेहरा थोडा थोडा मोडत होता, आणि तरी ती हात वर वर सरकवत होती, पँट वर करत, बोटभर, दोन बोटं, चार बोटं. आत्या मोगरा मुठीत धरून बघत होती. गुडघ्याच्या वीतभर खाली हणमंतराव एकदम दचकले.

"हां. इथं. इथं कळतंय. गार आहे गं तुझा हात."

त्रिवेणीनं तिथंच कपाळ टेकलं आणि त्यांना ते लागलं.